तक्ता ३-अ सावकाश वाचताना

सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी विद्यापीठात अर्ज केला असेल तर तक्ता ३-अ तुम्ही बघितलेला असणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला हा तक्ता. एकूण १०० गुण: पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएचडीला ३०, शोधनिबंधांना १०, अनुभवाला १०, वगैरे. आकड्यांना कुठली आलीय जात आणि कुठलं गाव, असं वाटतं. पण जरा सावकाश वाचूया.

नेटला ५ गुण, सेटला ३. अभ्यासक्रम दोन्हीकडे तोच. नेटचे पेपर, भाषाविषय सोडले तर, इंग्रजी-हिंदीत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ जी सेट घेतं, तिचे बऱ्याच विषयांचे पेपर मराठीतही असतात. म्हणजे मराठी माध्यमातून एमए केलेल्या मुलीला जी परीक्षा जवळची, तिचीच किंमत २ गुणांनी कमी! या तक्त्यात २ गुण म्हणजे एक शोधनिबंध, किंवा वर्षभर शिकवणं.

शिकवण्याचं तर आणखीच अवघड आहे. आधीची हंगामी किंवा कंत्राटी सेवा धरायची तर नियमावलीच्या दहाव्या कलमात एक अट आहे: त्या काळातला एकूण पगार नियमित प्राध्यापकाच्या मासिक पगारापेक्षा कमी नको. आता सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारे आठवा. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत तेही नाहीत. ते ही अट कुठून पुरी करणार? काटकसर केली संस्थेनं आणि वर्षं बुडाली शिकवणाऱ्याची. मला तरी सगळ्या नियमावलीत याहून अन्यायाची ओळ सापडली नाही.

बरं, एवढं मोजून हे गुण वापरायचे कशाला? फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवायला. निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर, असं नियमावलीच सांगते. ९० गुणांचा उमेदवार असो की ६५ चा, दारातून आत गेलं की पाटी कोरी.

आणि आत काय होतं? सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला लेख इथे उपयोगी पडतो. खासगी कंपन्यांमध्ये भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी ते बोलले. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं हे अधिकारी सांगत होते. तरी उमेदवाराच्या घरच्या पार्श्वभूमीचा प्रश्न सर्रास विचारला जात होता, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. अभ्यास कंपन्यांचा आहे, विद्यापीठांचा नाही, हे मान्य. पण 'मूळचे कुठले तुम्ही? वडील काय करतात?' हे प्रश्न तुमच्याही ओळखीचे असतील.

राज्यात पुढे मुलाखतीला किती टक्के द्यायचे यावर बराच खल झाला. ठेवा की कमी. पण मुलाखत आवळली की वजन पुन्हा त्या तक्त्यावरच येणार, आणि तक्ता कसा आहे ते आपण आत्ताच पाहिलं. त्यापेक्षा सगळ्यांना तेच प्रश्न, आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येक सदस्यानं स्वतंत्रपणे लिहून दिलेले गुण, आणि पंधरा मिनिटं प्रत्यक्ष वर्गात शिकवणं, एवढं केलं तरी सीएचबीवरच्या माणसाला आपली वर्षं दाखवता येतील. वर्गातल्या व्याख्यानावरून पारखण्याची मुभा २०१८ च्या नियमावलीतही आहे. मुभा, सक्ती नाही.