निष्कर्षाच्या अलीकडचे विज्ञान

मराठीत विज्ञानावर लिहिले जात नाही, ही तक्रार खरी नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ मध्ये सुरू झाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, मराठी विश्वकोशात विज्ञानाला मानाची जागा आहे, आणि बाळ फोंडके, निरंजन घाटे, मोहन आपटे यांच्यासारख्या लेखकांनी वाचकांच्या पिढ्यांना अणूपासून आकाशगंगेपर्यंत बरेच काही नेटक्या मराठीत सांगितले आहे. उणीव आहे ती वेगळ्या जागी. या परंपरेने सिद्ध झालेले विज्ञान समजावून दिले. सिद्ध होत असलेल्या विज्ञानाकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेले नाही. आपल्याच विद्यापीठांत आज कोणता प्रश्न हाती घेतला आहे, तो कोणत्या रीतीने सोडवला जातो आहे, पैसा कोणाचा आहे, काम कुठे अडले आहे आणि त्यावर हरकत कोण घेते आहे, हे सांगणारे लेखन मराठीत अगदी विरळ. नाटकाला समीक्षक आहे, अर्थसंकल्पाला भाष्यकार आहे, संशोधनाला नाही. विद्यापीठातला संशोधक वाचकाला भेटतो तो पुरस्कार मिळाला की, शोध जाहीर झाला की, नाहीतर वाद पेटला की. तिन्ही वेळा निष्कर्ष तेवढा समोर येतो आणि त्याच्यापर्यंत नेणारी वाट गाळली जाते. ती गाळल्यामुळे संशोधनाविषयीचा आपला आदर आणि आपला संशय, दोन्ही आंधळे राहतात, असे माझे म्हणणे आहे.

जयंत नारळीकरांचे उदाहरण आधी घ्यायला हवे, कारण मराठी समाजाने इतके प्रेम क्वचितच दुसऱ्या वैज्ञानिकावर केले असेल. १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, त्याचा जगभर गाजावाजा झाला आणि १९६५ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगी प्रारणाचा शोध प्रसिद्ध केला आणि विश्वोत्पत्तीच्या वादात पारडे महास्फोटाच्या बाजूला झुकले. हॉइल आणि नारळीकर ज्या स्थिर स्थितीच्या विश्वाची बाजू मांडत होते, ते मागे पडले. नारळीकर हटले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या कल्पनेची सुधारलेली मांडणी पुढे ठेवली. बहुतेक विश्वरचनाशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. एका मोठ्या वैज्ञानिक वादात आयुष्यभर अल्पमतात उभे राहणे, पुरावा प्रतिकूल असतानाही प्रश्न विचारत राहणे, ही विज्ञानाच्या व्यवहारातली केवढी जिवंत कथा आहे! पण २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा सामान्य मराठी वाचक ज्यांना ओळखत होता ते होते विज्ञानकथाकार नारळीकर, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक नारळीकर, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे नारळीकर. त्यांनी स्वतः ‘चार नगरांतले माझे विश्व’मध्ये आपल्या कामाविषयी लिहिले आहे. इतरांनी मात्र त्यांच्या संशोधनाची बाजू आणि त्याविरुद्धची बाजू शेजारी ठेवून क्वचितच तपासली. आपण माणसावर प्रेम केले आणि त्याचे काम न वाचताच वंदनीय ठरवले. हा त्यांचा पुरेसा सन्मान नव्हे.

वाट दाखवली की काय साधते, याचा उत्तम नमुनाही नारळीकरांच्याच नावावर आहे. २००८ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १०० मुलांच्या आणि मतिमंद असलेल्या १०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि त्यांची ओळख सांकेतिक क्रमांकांआड ठेवली. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली एवढेच विचारले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. या चाचणीचे मोल आकड्यापेक्षा तिच्या उघडेपणात आहे. प्रश्न कोणता, नमुना केवढा, योगायोगाची शक्यता कशी मोजायची, हे अंकगणित येणाऱ्या कोणालाही तपासता येते. त्याचबरोबर तिची मर्यादाही त्याच उघडेपणामुळे दिसते: कुंडलीवरून बुद्धिमत्ता ओळखता येते हा एक दावा तिने तपासला, फलज्योतिषाचे बाकीचे दावे नव्हेत. ‘करंट सायन्स’मध्ये २००९ साली हे सारे प्रसिद्ध झाले. एखादा चिकित्सक ज्योतिषीदेखील त्या निबंधाशी मुद्द्याने वाद घालू शकतो. सार्वजनिक विज्ञानाकडून मागायचे ते हेच.

उलट टोकाचे उदाहरण राखीगढीचे. हरयाणातल्या या हडप्पाकालीन स्थळावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथल्या सांगाड्यांचे ६१ नमुने तपासल्यावर त्यांतल्या फक्त एका स्त्रीच्या अवशेषांतून पुरेसा डीएनए हाती लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्याचा निबंध आला. त्या स्त्रीच्या वंशात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही, हा त्यातला गाभ्याचा निष्कर्ष. पत्रकार परिषदेतून आणि मथळ्यांतून लोकांपर्यंत जे पोचले ते मात्र ‘आर्य बाहेरून आले नाहीत’ असे. त्याच वेळी ‘सायन्स’मध्ये ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांवर आधारलेला दुसरा निबंध आला होता, आणि दोन्हींच्या लेखकांत काही नावे सामाईक होती. हा पशुपालकांचा अंश इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात दक्षिण आशियात आला, असे त्यात म्हटले होते. राखीगढीची स्त्री त्याच्या कितीतरी शतके आधीची. तेव्हा तिच्यात तो अंश नसणे आणि तो नंतर येणे यांत विरोध काहीच नाही. दोन्ही निबंध एकमेकांना पूरक ठरतात. वाचकाला एका सांगाड्याची आणि ६१ नमुन्यांची हकीकत आधी सांगितली असती, कालक्रम समोर मांडला असता, तर त्या मथळ्यावर त्याने स्वतःच प्रश्न केला असता. दोन्ही राजकीय बाजूंनी मग जे रान उठवले, त्याला मोकळे मैदान मिळाले ते या गाळलेल्या वाटेमुळे.

पश्चिम घाटाबाबत तर संशोधन लोकांपर्यंत पोचू न देण्याचाच प्रयत्न झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पर्यावरणशास्त्राचे केंद्र उभे करणाऱ्या माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर तो २०१२ मध्ये खुला झाला. अहवाल स्थानिक भाषांत यावा, ग्रामसभांनी त्यावर चर्चा करावी, हा गाडगीळांचा आग्रह होता. प्रत्यक्षात कोकणातल्या गावांपर्यंत आधी अफवा पोचल्या: शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही. पुढे कस्तुरीरंगन समितीने घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्रापुरताच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असा दर्जा सुचवला आणि चर्चा टक्केवारीत अडकली. माळीणवर दरड कोसळली, इर्शाळवाडीवर कोसळली, की ‘गाडगीळांनी सांगितले होते’ हे वाक्य आजही छापून येते, जणू त्यांनी भविष्य वर्तवले होते. त्यांनी केले ते फार वेगळे आणि फार शिकण्यासारखे होते. घाटाचे सुमारे २,२०० चौकोन पाडले, प्रत्येक साधारण नऊ किलोमीटर लांब-रुंद. प्रत्येकासाठी उतार, उंची, जंगलाचे प्रमाण, फक्त तिथेच आढळणाऱ्या वनस्पती अशा निकषांवर गुण दिले आणि त्यांवरून संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरवले. आपल्या तालुक्याचा चौकोन कोणत्या स्तरात आणि का, हे मराठी वृत्तपत्रे गावागावासाठी छापू शकली असती. चौकोन फार मोठा आहे, त्यात सपाट शेत आणि कडा एकत्र मोजले जातात, ही शेतकऱ्याची रास्त हरकतही मग वेळेवर नोंदली गेली असती, आणि अहवाल त्यामुळे सुधारला असता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, विज्ञानातली अनिश्चितता चव्हाट्यावर आणली तर छद्मविज्ञानाचे फावते. ज्या राज्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची २०१३ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर हत्या झाली, तिथे ही भीती हलक्याने घेता येत नाही. पण वर पाहिलेली उदाहरणे उलट दिशा दाखवतात. राखीगढीत गैरवापर झाला तो झाकलेल्या मर्यादेचा. ज्योतिषाच्या चाचणीत, जिच्यात दाभोलकर स्वतः सहभागी होते, मर्यादा उघड होत्या आणि म्हणूनच ती टिकली. दुसरा आक्षेप वाचकाच्या कुवतीचा. पीकविम्याचे निकष, आरक्षणावरचे न्यायालयीन निकाल, अधिभाराचे हिशेब रोज बारकाईने वाचणाऱ्या वाचकाला नमुन्याचा आकार समजणार नाही, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा आहे आणि तो खराच आहे: लोकांसाठी लिहिल्याचे श्रेय त्यांना मिळत नाही. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली आणि तिचे काय झाले, हे पुणे विद्यापीठातल्याच भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत गेलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला, तर सुमारे ८८ टक्के दर्जाला उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. निबंध वाचलाच जात नाही, मोजला जातो, अशी व्यवस्था असेल तर बाहेरचा जाणकार वाचक हा संशोधनाच्या दर्जावरचाही एक पहारा ठरतो. साहित्य तर हाताशी आहे: ‘शोधगंगा’वर लाखो प्रबंध खुले आहेत. ‘लोकसत्ता’तले ‘कुतूहल’ किंवा आयआयटी मुंबईतल्या काही संशोधनांचे मराठी वृत्तांत या चांगल्या सुरुवाती आहेत. मात्र हे वृत्तांत बहुधा संशोधकाच्या बाजूनेच लिहिलेले असतात. हरकत घेणारा दुसरा तज्ज्ञ त्यांत क्वचितच दिसतो.

येत्या काळात कसोटी लागेल ती हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. तिथल्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. या लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, यावर संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी पुण्यात दशकानुदशके गणित करत होते. मराठी वाचकाला त्या कामाची चाहूल लागली ती ११ फेब्रुवारी २०१६ला, या लहरींचा शोध जगापुढे जाहीर झाल्यावर. औंढ्यात चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा उभ्या राहतील, यंत्रे जुळवायला वर्षे लागतील आणि मधल्या काळात सांगण्याजोगा शोध एकही नसेल. जमीन कोणाची गेली, ट्रकच्या हादऱ्याने मापन किती बिघडते, खर्च कुठे वाढला, कोणते गणित चुकले आणि कसे सापडले, यावर त्या काळात मराठवाड्यातल्या वृत्तपत्रांत दर महिन्याला लिहिता येईल. त्यासाठी भौतिकशास्त्र शिकलेला एक वार्ताहर हवा आणि निष्कर्ष हाती नसतानाही त्याला अर्धे पान देणारा संपादक हवा.