विद्यापीठांची जागतिक क्रमवारी आणि प्राध्यापकांचे मत : प्रतिष्ठा-सर्वेक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना :

विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीचे महत्त्व आज केवळ वृत्तपत्रीय कुतूहलापुरते उरलेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ज्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, ते विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. ही मर्यादा काही वर्षे ३०० होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी संयुक्त व दुहेरी पदव्यांसाठी टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएस या क्रमवारींतील पहिल्या १००० संस्थांची अट घातली. २०२३ च्या विनियमांनी भारतात शाखा उघडू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यापीठांसाठी जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० मधील स्थान हा एक निकष ठरविला. ब्रिटनने २०२२ मध्ये सुरू केलेल्या एका व्हिसा योजनेत तीन प्रमुख क्रमवारींपैकी किमान दोहोंत पहिल्या ५० मध्ये असलेल्या विद्यापीठांचेच पदवीधर पात्र धरले. क्रमांकावर माणसांच्या संधी अशा रीतीने अवलंबून राहू लागल्या आहेत.

असा क्रमांक कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. क्यूएसच्या क्रमवारीत जगभरातील प्राध्यापकांच्या मताला दीर्घकाळ ४० टक्के भार होता. २०२४ च्या आवृत्तीपासून तो ३० टक्के झाला; मात्र त्याच वेळी नोकरी देणाऱ्यांच्या मताचा भार १० वरून १५ टक्क्यांवर गेला. टाइम्सच्या क्रमवारीत अध्यापनाच्या प्रतिष्ठेला १५ व संशोधनाच्या प्रतिष्ठेला १८ असे एकूण ३३ टक्के प्राध्यापकांच्या मतावर अवलंबून असतात. म्हणजे या क्रमांकांचा सुमारे एक-तृतीयांश भाग मोजलेला नसून विचारलेला आहे. या विचारण्याची पद्धती, तिचे समर्थन आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पूर्वपीठिका :

प्राध्यापकांना विचारून विद्यापीठांचा दर्जा ठरविण्याची प्रथा शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड ह्यूज यांनी १९२५ मध्ये पदव्युत्तर विभागांविषयी त्या त्या विषयातील अभ्यासकांची मते मागवून एक अहवाल सिद्ध केला. त्यामागील हेतू मर्यादित व व्यवहार्य होता. उच्च शिक्षणासाठी अन्यत्र जाणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या विषयासाठी कोठे जावे, हे कळावे एवढेच त्यातून साधायचे होते. रसायनशास्त्राविषयी रसायनशास्त्रज्ञाला आणि इतिहासाविषयी इतिहासकाराला विचारणे हे या पद्धतीचे बलस्थान होते. ॲलन कार्टर यांचे १९६६ चे मूल्यमापनही विषयवार विभागांचेच होते.

पुढे प्रश्नाचा रोख बदलला. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकाने १९८३ मध्ये महाविद्यालयांच्या अध्यक्षांची मते मागवून संपूर्ण संस्थांची क्रमवारी प्रसिद्ध केली. मत विभागाविषयी न राहता संस्थेविषयी झाले आणि जाणकाराची जागा पदाधिकाऱ्याने घेतली. २००३ मध्ये शांघाय जिआओ टोंग विद्यापीठाने पहिली प्रमुख जागतिक क्रमवारी काढली. तिने मत अजिबात न विचारता नोबेल व फील्ड्स पारितोषिके, शोधनिबंध आणि त्यांचे संदर्भ यांवर भिस्त ठेवली. याउलट २००४ मध्ये टाइम्सच्या उच्च शिक्षण पुरवणीने क्यूएसच्या साहाय्याने काढलेल्या क्रमवारीत निम्मे गुण प्राध्यापकांच्या मताला देण्यात आले. २००९ नंतर या दोन संस्था विभक्त झाल्या, तरी दोघींनीही सर्वेक्षण सोडले नाही.

प्रश्नावलीचे स्वरूप :

क्यूएसच्या प्रश्नावलीत उत्तरदाता आपले ज्ञानक्षेत्र सांगतो आणि त्या क्षेत्रात श्रेष्ठ वाटणाऱ्या स्वदेशातील १० व परदेशातील ३० पर्यंत संस्थांची नावे निवडतो. या संख्येकडेच प्रथम लक्ष द्यावयास हवे. आपल्या विषयातील पाच-सहा परदेशी विभागांचे काम अभ्यासकाला जवळून ठाऊक असते, हे मान्य करता येईल. तिसापर्यंत नावे भरताना मात्र ज्ञान संपते आणि स्मरण सुरू होते. आठवते ते नाव. आणि नाव आठवण्यास संस्थेचे वय, भाषा, देश, संपत्ती व प्रसिद्धी हे सारे घटक हातभार लावतात.

अध्यापनाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न याहून कठीण आहे. दुसऱ्या विद्यापीठातील संशोधन प्रकाशित होते, म्हणून दूरच्या अभ्यासकाला ते वाचता येते. वर्गातील अध्यापन मात्र प्रकाशित होत नाही. साओ पाउलो येथील प्राध्यापकाने एडिंबरोच्या वर्गात विद्यार्थ्यांना कसे शिकविले जाते यावर मत द्यावे, ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. साहजिकच तो संशोधनाच्या कीर्तीवरून अध्यापनाचा तर्क करतो आणि एकच कीर्ती दोन रकान्यांत दोनदा मोजली जाते.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रसंग बोधप्रद आहे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश टॉमस ब्रेनन यांनी सुमारे शंभर वकिलांना दहा विधी महाविद्यालयांची यादी पाठवून त्यांचा क्रम लावावयास सांगितले. उत्तरांत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे विधी महाविद्यालय मध्यभागी आले. त्या काळी त्या विद्यापीठाला विधी महाविद्यालय नव्हतेच. वकिलांनी खोटेपणा केला असे म्हणता येणार नाही. विद्यापीठाचे नाव परिचित, म्हणून त्याचे विधी महाविद्यालयही मध्यम प्रतीचे असावे, एवढाच तर्क त्यांनी केला. माहिती नसतानाही उत्तर देता येणे हा या प्रश्नप्रकाराचा अंगभूत दोष होय.

तथ्यातील चूक आणि मतातील चूक :

क्रमवारीतील अन्य निर्देशक निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. २००४ मध्ये मलाया विद्यापीठ ८९ व्या स्थानी होते. २००५ मध्ये ते १६९ व्या स्थानी गेले. मलेशियाचेच नागरिक असलेल्या चिनी व भारतीय वंशाच्या लोकांची गणना आधी परकीयांत झाल्याचे नंतर उघड झाले. चूक मोठी होती. पण ती सापडली, कारण पडताळून पाहण्याजोगे तथ्य तेथे होते.

मतातील चूक अशी सापडत नाही. २००४ व २००५ च्या क्रमवारींत भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे एकच नाव अनुक्रमे ४१ व ५० व्या स्थानी होते. वस्तुतः त्या वेळी अशा सात संस्था होत्या. त्यांची आवारे, प्राध्यापकवर्ग व प्रशासन स्वतंत्र होते. उत्तरदात्यांनी ‘आयआयटी’ या नावाला मत दिले आणि त्या नावाशी तंतोतंत जुळणारी एकही संस्था अस्तित्वात नव्हती. पुढे या संस्था स्वतंत्रपणे मोजल्या जाऊ लागल्यावर २००८ मध्ये दिल्लीची संस्था १५४ व्या आणि मुंबईची १७४ व्या स्थानी दिसली. मधल्या काळात गणनपद्धतीतही बदल झाले होते. त्यामुळे सर्व अंतर नावाच्या विभागणीमुळे पडले असे म्हणता येत नाही. तथापि पवई येथील संस्थेचे काम या चार वर्षांत शंभराहून अधिक पायऱ्या घसरले होते, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही.

क्रमवारीची स्वतःवरच पडणारी छाया :

सर्वेक्षणाच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की, ते क्रमवारीला स्वतंत्र साक्ष पुरविते. ही साक्ष खरोखर स्वतंत्र आहे काय? निकोलस बोमन व मायकेल बास्टेडो यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, आधी जाहीर झालेल्या क्रमवारीचा प्रभाव पुढील वर्षांच्या प्रतिष्ठा-गुणांवर पडतो. प्राध्यापक क्रमवारी वाचतात आणि पुढील वर्षी तीच वाचलेली क्रमवारी मत म्हणून परत करतात. ज्याच्यापाशी कीर्ती आहे त्याच्याकडे आणखी कीर्ती जाते, ही रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राविषयी मांडलेली प्रक्रिया येथे वार्षिक उपक्रमाचे रूप घेते.

टाइम्सने २०११ मध्ये प्रथमच केवळ प्रतिष्ठेवर आधारित स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत हार्वर्ड, एमआयटी, केंब्रिज, बर्कली, स्टॅनफर्ड व ऑक्सफर्ड ही सहा विद्यापीठे इतरांपासून फार पुढे होती. पहिल्या पन्नासानंतर गुणांमधील अंतर इतके अल्प होते की, प्रकाशकांनी पुढील संस्थांना स्वतंत्र क्रमांक न देता त्यांचे गट केले. शिखरावर मतैक्य आणि उतारावर धुके, असे या मोजमापाचे स्वरूप आहे. धोरणकर्त्यांनी आखलेल्या २००, ३०० किंवा ५०० च्या सीमारेषा मात्र नेमक्या या धुक्यातच येतात.

ज्या मोजमापावर लाभ अवलंबून असतो, त्याला वळविण्याचे प्रयत्नही होतात. २०१३ मध्ये आयर्लंडमधील युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कच्या अध्यक्षांनी आपल्या प्राध्यापकांना परदेशातील प्रत्येकी तीन परिचितांना क्यूएसच्या सर्वेक्षणासाठी नाव नोंदविण्याची विनंती करण्यास सांगितल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यानंतर स्वतःहून नाव नोंदविण्याची सोय क्यूएसने थांबविली. टाइम्सचे सर्वेक्षण केवळ निमंत्रितांपुरतेच असते. या उपायांनी उघड प्रचाराला आळा बसतो. परंतु परिषदा, जाहिराती व माहितीपत्रके यांतून होणारी नावाची पेरणी त्यामुळे थांबत नाही.

पूर्वपक्ष आणि त्याचा विचार :

सर्वेक्षणाच्या बाजूने तीन युक्तिवाद संभवतात आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. पहिला असा की, शोधनिबंधांच्या संदर्भगणनेत मानव्यविद्यांना न्याय मिळत नाही. ग्रंथरूपाने व देशी भाषांतून होणारे लेखन तीत उतरत नाही. मत मात्र सर्व विषयांत विचारता येते. दुसरा असा की, विद्वत्तेचे मूल्यमापन नेहमी सहव्यवसायींच्या निर्णयानेच होत आले आहे. तिसरा असा की, उत्तरदात्यांची संख्या मोठी आहे. टाइम्सच्या २०१० च्या सर्वेक्षणातच १३,३८८ उत्तरे आली होती.

पहिला युक्तिवाद तत्त्वतः खरा आहे. व्यवहारात मात्र तो फळत नाही. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाच्या कार्याची थोरवी जगातील कोणत्याही संस्कृतज्ञाला सांगावी लागत नाही. पण संपूर्ण विद्यापीठाच्या सरासरीत अशा मूठभर जाणकारांचे मत बुडून जाते. दुसऱ्या युक्तिवादात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. शोधनिबंधाचा परीक्षक निबंध वाचून अभिप्राय देतो आणि त्याची कारणे लिहितो. प्रश्नावलीचा उत्तरदाता काहीही न वाचता नावावर खूण करतो व त्याला कारण विचारले जात नाही. पहिला निर्णय आहे, दुसरा लौकिक आहे. तिसऱ्या युक्तिवादाविषयी संख्याशास्त्राचा प्राथमिक नियम पुरेसा आहे. उत्तरे वाढल्याने यादृच्छिक चूक कमी होते, सर्वांचा समान पूर्वग्रह कमी होत नाही.

भारतीय संदर्भ :

भारतातील विचारही या प्रश्नापासून अलिप्त राहिलेला नाही. मुंबई, दिल्ली, कानपूर, गुवाहाटी, मद्रास, रुरकी व खरगपूर या सात तंत्रज्ञान संस्थांनी २०२० मध्ये पारदर्शकतेच्या मुद्द्यावर टाइम्सच्या क्रमवारीत सहभागी न होण्याचे ठरविले. मात्र २०१६ पासून प्रसिद्ध होत असलेल्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्यानेही ‘लोकमानस’ या अर्थाच्या निर्देशकाला १० टक्के भार दिला. हा भार अल्प वाटला, तरी ग्रामीण भागातील महाविद्यालयासाठी तो अल्प नाही. जिल्ह्याबाहेर नाव न पोहोचलेले, परंतु पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत नेणारे महाविद्यालय या रकान्यात जवळजवळ रिकामे राहते. त्याचे काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारले जात नाही, आणि ज्यांना विचारले जाते त्यांना ते ठाऊक नसते.

समारोप :

प्राध्यापकांचे मत निरर्थक आहे, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. लौकिक हीदेखील एक सामाजिक वस्तुस्थिती आहे आणि ती मोजण्यास हरकत नाही. आक्षेप आहे तो लौकिकाची तथ्यांशी बेरीज करून त्या बेरजेला गुणवत्तेचे नाव देण्याला. एकदा बेरीज झाली की तीत किती मोजलेले आणि किती ऐकीव, हे वाचकाला दिसत नाही.

यातून सुटण्याचे मार्ग अज्ञात नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेतील ॲनापोलिस गटातील बहुसंख्य महाविद्यालयीन अध्यक्षांनी प्रतिष्ठेची प्रश्नावली न भरण्याचा मनोदय जाहीर केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८२ व १९९५ च्या मूल्यमापनांत थेट प्रतिष्ठा विचारली होती. २०१० मध्ये तिने ती प्रथा सोडून विभागांना नेमक्या क्रमांकाऐवजी क्रमांकांची मर्यादा दिली. युरोपात २०१४ मध्ये सुरू झालेल्या यू-मल्टिरँकने प्रतिष्ठा-सर्वेक्षण हेतुतः वगळले. प्रतिष्ठेचे गुण स्वतंत्रपणे छापणे, किती जणांना विचारले व किती जणांनी उत्तर दिले हे देशवार व विषयवार जाहीर करणे, आणि मत केवळ विषयापुरते घेणे, एवढे तरी क्रमवारीकारांना सहज शक्य आहे.

अधिक मोठी जबाबदारी शासनाची आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जदाराने निवडलेला अभ्यासक्रम त्याच्या विषयात श्रेष्ठ असू शकतो आणि तरीही ते विद्यापीठ एकूण क्रमवारीत सीमारेषेच्या एक पायरी खाली असू शकते. ती एक पायरी प्रयोगशाळेतील किंवा वर्गातील उणिवेमुळे पडली, की दूर देशीच्या काही प्राध्यापकांना ते नाव त्या दिवशी आठवले नाही म्हणून पडली, हे निवड समितीला सांगता येणार नाही. ज्या अंकाविषयी हे सांगता येत नाही, त्या अंकावर विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळला जाऊ नये. विषयवार तज्ज्ञ समितीने प्रत्यक्ष अभ्यासक्रम पाहून निर्णय देणे हे कष्टाचे काम आहे. परंतु ह्यूज यांनी १९२५ मध्ये जो साधा प्रश्न विचारला होता, त्याचे प्रामाणिक उत्तर देण्याचा मार्ग तोच आहे.