तीन सेकंदांचा प्रेक्षक

जाहिरातदाराला दोन गोष्टी हव्या असतात. माणसे जिथे जमतात ती जागा, आणि तिथे किती माणसे जमली याचा आकडा. जत्रेत फलक लावणाऱ्याला गर्दी निदान डोळ्यांनी दिसते. संगणकाच्या पडद्यामागची गर्दी मात्र कोणीतरी मोजून सांगावी लागते आणि सांगणारा बहुधा जागा विकणाराच असतो. अशा आकड्यांवर विश्वास ठेवून जाहिरातदारांनी नव्या माध्यमांकडे कशी धाव घेतली, याची दोन उदाहरणे आम्ही येथे तपासणार आहोत.

पहिले उदाहरण 'सेकंड लाइफ' या आभासी जगाचे. अमेरिकेतील लिंडेन लॅब या कंपनीने ते २००३ मध्ये सुरू केले. यात आपण स्वतःसाठी एक बाहुले निवडायचे आणि त्याला हिंडवायचे, बोलवायचे. २००६ मध्ये अमेरिकन अ‍ॅपरल या कपड्यांच्या कंपनीने येथे दुकान थाटले. आदिदास, रीबॉक, टोयोटाही आल्या. त्याच वर्षी नोंदलेल्या 'रहिवाशां'ची संख्या दहा लाखांवर गेली. पण नाव नोंदवणे म्हणजे राहणे नव्हे. एका वेळी प्रत्यक्ष हजर असणारी माणसे हजारांतच होती. शाळेचा पट आणि हजेरी यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

शिवाय तांत्रिक मर्यादा होत्याच. या जगातील जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे सुमारे साडेसहा हेक्टर. त्या काळी एवढ्या जागेत फार तर शंभरेक बाहुली एका वेळी मावत, कारण प्रत्येकाच्या हालचालीचा हिशेब संगणकाला ठेवावा लागे. दुसरी अडचण त्याहून मूलभूत होती. बाजारपेठेतले दुकान चालते ते येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. येथे कोणीही क्षणात हव्या त्या ठिकाणी पोचू शकत होता. अंतरच नाही, तर वाटेवरचे दुकान कोठून असणार? अमेरिकन अ‍ॅपरलने २००७ मध्ये आपले दुकान बंद केले.

दुसरे उदाहरण व्हिडिओचे. फेसबुकवर एखादी चित्रफीत लोक सरासरी किती वेळ पाहतात, हे कंपनी जाहिरातदारांना कळवत असे. हा आकडा सुमारे दोन वर्षे फुगलेला होता, हे २०१६ मध्ये उघड झाले. चूक कोठे होती ते एका लहान उदाहरणाने पाहू.

समजा, दहा जणांसमोर चित्रफीत सुरू झाली. चौघांनी ती एकेक सेकंद पाहून सोडली. सहा जणांनी १६ सेकंद पाहिली. एकूण वेळ १०० सेकंद. भागिले दहा, सरासरी १० सेकंद. परंतु तीन सेकंद किंवा अधिक पाहणारा तोच 'प्रेक्षक', अशी व्याख्या करून त्यांच्या संख्येनेच भागले, तर १०० भागिले ६, म्हणजे जवळजवळ १६.७ सेकंद! गंमत अशी, की हे उत्तर दहा जणांची सरासरी नाही आणि सहा जणांचीही नाही. अंशात सगळे आणि छेदात निवडक, असा हा प्रकार. प्रत्यक्षातील फुगवटा ६० ते ८० टक्के असावा, असे तेव्हा सांगितले गेले. आकारणीवर याचा परिणाम झाला नाही, असे फेसबुकचे म्हणणे होते. जाहिरातदार न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्यांचे नुकसान झाले तर आम्हाला काय त्याचे? आम्हाला ते पटत नाही. 'लोकांना आता वाचायचे नाही, पाहायचेच आहे' ही समजूत अशा आकड्यांनी बळकट होत होती. २०१७ मध्ये अमेरिकेतील काही वृत्तमाध्यमांनी लिहिणाऱ्यांना कामावरून कमी केले आणि चित्रफितींवर भर दिला.

आणि आता या जागांवर मुले आहेत. फेसबुकने २०२१ मध्ये 'मेटा' हे नाव घेतल्यावर आभासी जगांची लाट पुन्हा उसळली. मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'रोब्लॉक्स'मध्ये वॉलमार्टने २०२२ मध्ये आपले 'जग' उभारले. येथे जाहिरात खेळाच्या मध्ये येत नाही. जाहिरात हाच खेळ असतो. जाहिरातीमागचा विक्रीचा हेतू सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना नीट उमगत नाही, हे मानसशास्त्राला ठाऊक आहे. त्यांच्याकडून सावधपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मोठ्या विद्यार्थ्यांना मात्र आपण सावध करू शकतो. मार्च २०२५ अखेरीस यूट्यूबने आपल्या छोट्या व्हिडिओंसाठी 'पाहिले' याची व्याख्या बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला, की एक मोजायचा. किती वेळ पाहिला याची अट नाही. एकही प्रेक्षक न वाढता आकडा वाढू शकतो, तो असा. 'लाखोंनी पाहिले' असे विद्यार्थी कौतुकाने सांगू लागले, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे : 'पाहिले' म्हणजे काय? छेदात कोण आहे? आणि मोजणाऱ्याचा यात फायदा काय? सरासरीचा धडा आठवणीत राहायला याहून चांगली उदाहरणे क्वचितच मिळतील.