कृतज्ञता आणि रोष : अजित वाडेकर व क्रिकेटरसिकांचे द्विधा मन

प्रास्ताविक

एखादा कर्णधार किंवा संघव्यवस्थापक निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याविषयी रसिकांच्या मनात एकच एक भावना क्वचितच असते. ज्याने आनंद दिला, त्यानेच कधीतरी मान खाली घालायला लावलेली असते. इंग्लंडमधील आर्सेनल या फुटबॉल संघाचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर बावीस वर्षांनंतर २०१८ मध्ये पायउतार झाले. २००३-०४ च्या संपूर्ण लीग हंगामात एकही सामना न हरणारा संघ त्यांनी घडविला होता. तरीही अखेरच्या काही हंगामांत त्यांनी जावे, असे फलक समर्थकांनी झळकविले आणि निरोपाच्या वेळी त्याच मैदानावर कृतज्ञतेचे फलक दिसले.

महाराष्ट्रात फुटबॉलचे असे वेड कोल्हापूरसारख्या शहरात आढळते. नांदेड-लातूरकडे ही जागा क्रिकेटने व्यापली आहे. मराठी क्रिकेटरसिकाला या द्विधा भावनेचा अनुभव एकाच व्यक्तीने दोनदा दिला. अजित वाडेकर १९७१ ते १९७४ या काळात भारताचे कर्णधार होते आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, १९९६ पर्यंत, संघाचे व्यवस्थापक होते. दोन्ही वेळा प्रारंभी जयजयकार आणि शेवटी रोष वाट्याला आला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मात्र सर्वत्र केवळ गौरवाचेच सूर उमटले. ही द्विधा भावना म्हणजे रसिकांचा चंचलपणा आहे, की अर्धवट राहिलेले मूल्यमापन आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कर्णधारपदाची दोन टोके

१९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी वाडेकरांची कर्णधारपदी निवड झाली, ती निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे. म्हणजे या कारकिर्दीचा आरंभच दुभंगलेल्या मतांमधून झाला. भारताने वेस्ट इंडिजविरुद्ध पाच कसोटींची मालिका १-० अशी जिंकली. सुनील गावस्कर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तर दिलीप सरदेसाई यांनी मालिकेत ६४२. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हल येथे भारताने इंग्लंडला चार गडी राखून हरविले आणि इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी व पहिली मालिका जिंकली. भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळण्यात सिंहाचा वाटा उचलला. वाडेकरांनी त्या सामन्यात ४८ आणि ४५ धावा केल्या. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे नमवून त्यांनी सलग तिसरी मालिका जिंकली.

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात हे सारे उलटले. तिन्ही कसोटी भारताने गमावल्या. लॉर्ड्स येथे दुसऱ्या डावात अवघा संघ ४२ धावांत बाद झाला. गारठा, पाऊस, ख्रिस ओल्ड व जेफ अर्नोल्ड यांची स्विंग गोलंदाजी आणि संघातील बेबनाव अशी अनेक कारणे त्यामागे होती. रसिकांनी ती ऐकून घेतली नाहीत. वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूर येथे १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून उभारलेली काँक्रीटची भव्य बॅटही विद्रूप करण्यात आली. त्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वाडेकरांनी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, निवृत्ती पत्करली. ज्याच्या स्वागतासाठी तीन वर्षांपूर्वी मुंबईत गर्दी लोटली होती, त्याला निरोपाचा सामनाही लाभला नाही.

वाडेकरांनी सोळा कसोटींत नेतृत्व केले. त्यांत चार विजय, चार पराभव आणि आठ अनिर्णित सामने आहेत. हा ताळेबंद पाहिला तर ते देवही ठरत नाहीत आणि अपराधीही ठरत नाहीत. परंतु रसिकांचे मन ताळेबंद मांडत नाही. विजय मिळाला तेव्हा गावस्कर, सरदेसाई आणि फिरकी गोलंदाजांच्या जोरावर मिळाला, कर्णधार नशीबवान, असे म्हटले गेले. पराभव झाला तेव्हा खेळाडूंची नावे मागे पडली आणि कर्णधार तेवढा उरला. यशाचे श्रेय वाटून द्यायचे आणि अपयशाचे धनी मात्र एकालाच करायचे, ही विषमता येथे स्पष्ट दिसते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. पहिला दिवस पावसात वाया गेल्यामुळे फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी होती. १७० धावांची आघाडी मिळताच वाडेकरांनी वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादला. हा निर्णय नियमाच्या जाणिवेतून आणि धैर्यातून आलेला होता. त्याला नशीब म्हणता येणार नाही.

मराठवाड्यातील श्रोता

मराठवाड्यातील रसिकाच्या द्विधेला आणखी एक पदर आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे १९७१ चे विजय हे सर्वांसाठीच कानांनी अनुभवलेले विजय होते आणि नांदेड-लातूरकडे तर त्यानंतरही बराच काळ क्रिकेट म्हणजे रेडिओच होता. ऐकलेला नायक पाहिलेल्या नायकापेक्षा मोठा होतो, कारण त्याची आकृती श्रोता स्वतः घडवितो. साहजिकच ती भंगली की दुःखही अधिक वैयक्तिक होते. १९७२-७३ ची मालिका चालू होती, तेव्हा मराठवाडा भीषण दुष्काळ सोसत होता, माणसे खडी फोडण्याच्या आणि नालाबंडिंगच्या कामांवर होती. अशा दिवसांत दूरवरच्या मैदानावरील विजय हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. आपल्या भाषेचे आडनाव असलेला माणूस जिंकतो आहे, याचा आधार त्यात असतो.

परंतु हा माणूस आपला होता काय? रणजी स्पर्धेत मराठवाडा हा महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येतो, वाडेकर मुंबईचे. १९७०-७१ च्या हंगामात वाडेकर आणि त्यांचे सहकारी वेस्ट इंडिजमध्ये असताना, उरलेल्या मुंबई संघाने सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात महाराष्ट्रालाच हरविले. म्हणजे भारताचा कर्णधार म्हणून ज्याचा अभिमान वाटावा, त्याच्याच संघाकडून आपला संघ पराभूत झाला होता. मुंबईविषयी मराठवाड्याच्या मनात जी ओढ आणि जी अढी एकत्र नांदते, तिचे क्रिकेटमधील रूप येथे सापडते. राज्यनिर्मितीनंतर अनुशेषाच्या चर्चेत जी भाषा वापरली गेली, तिच्याशी या भावनेचे नाते आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्यवस्थापक वाडेकर

व्यवस्थापक म्हणून वाडेकर परतले तेव्हा कर्णधार होते हैदराबादचे महंमद अझरुद्दीन. नांदेड-लातूरच्या रसिकासाठी ही जोडी विशेष होती. भाषेने मुंबईशी, तर जुन्या संस्थानाच्या इतिहासाने आणि रेल्वेच्या वाटेने हैदराबादशी तो बांधलेला होता. १९९३ मध्ये इंग्लंडला ३-० असे हरविण्यात आले. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला हीरो चषकाच्या अंतिम सामन्यात अनिल कुंबळे यांनी १२ धावांत सहा बळी घेतले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे सचिन तेंडुलकर प्रथमच एकदिवसीय सामन्यात सलामीला आले आणि त्यांनी ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. त्या निर्णयाला वाडेकरांची संमती होती, हे आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

स्मरणात राहिली ती १३ मार्च १९९६ ची रात्र. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर नाणेफेक जिंकून भारताने क्षेत्ररक्षण घेतले. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी पडझड झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. श्रीलंकेचा संघ धावांचा पाठलाग उत्तम करीत होता, म्हणून आधी क्षेत्ररक्षणाचा निर्णय संघाच्या बैठकीत झाला होता, असे वाडेकरांनी पुढे स्पष्ट केले. निर्णय चुकला असेल, पण त्याला कारण होते. १९७४ प्रमाणेच या वेळीही कारण ऐकण्याची कोणाची तयारी नव्हती. दगडाची जागा फक्त बाटलीने घेतली.

द्विधा भावनेचे स्वरूप

भारतीय काव्यशास्त्रात रसास्वादासाठी साधारणीकरण आवश्यक मानले आहे. रंगभूमीवरील शोक हा प्रेक्षकाचा खाजगी शोक नसतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. क्रीडारसिकाच्या बाबतीत हे अंतर पुरेसे नसते. संघाचा पराभव त्याला स्वतःचा अपमान वाटतो. त्याची भावना लौकिक पातळीवरच राहते आणि म्हणून ती हाराच्या किंवा दगडाच्या रूपाने बाहेर पडते. या अर्थाने त्याला आपण 'रसिक' म्हणतो खरे, पण सामना चालू असताना तो सहृदय नसतो, पक्षकार असतो.

नायकाच्या निवृत्तीने हे अंतर प्रथमच निर्माण होते. आता त्याच्याकडून काही मिळायचे नसते आणि त्याला काही गमवायचेही नसते. येथे संमिश्र भावना जागी होते. ती दुबळेपणाची खूण नसून विवेकाची सुरुवात आहे, असे म्हणता येईल. अडचण अशी की ती फार काळ टिकू दिली जात नाही. निधनानंतर तर आपण ती पूर्णपणे पुसून टाकतो. २०१८ मध्ये वाडेकरांवर लिहिताना ओव्हल सर्वांना आठवले. लॉर्ड्सचा उल्लेख आलाच तर तो ओझरता. घरावर दगड टाकणारे कोण होते आणि त्यांचे पुढे काय म्हणणे होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

ही सवय क्रीडेपुरती नाही. आपल्या महाविद्यालयांतील सेवागौरव समारंभ आठवावेत. वर्षानुवर्षे ज्यांच्या निर्णयांवर स्टाफरूममध्ये कडवट चर्चा झालेली असते, त्यांच्यावर निरोपाच्या दिवशी केवळ स्तुतीची भाषणे होतात आणि पुढे गौरवग्रंथ निघतो. निवृत्त होणाऱ्या व्यक्तीलाही ही स्तुती पुरती खरी वाटत नसावी. ज्याच्या चुका कोणी सांगितल्या नाहीत, त्याच्या गुणांवरील अभिप्रायालाही वजन राहत नाही. दगड मारणाऱ्याने निदान त्या कर्णधाराला महत्त्व दिले होते. औपचारिक गौरव तेवढेही देत नाही.

समारोप

वाडेकरांच्या निमित्ताने असे दिसते की, रसिकांची द्विधा भावना दोन खऱ्या अनुभवांतून येते आणि त्यांपैकी एकही खोटा ठरवून ती सुटत नाही. ओव्हलचा आनंद खरा होता, ४२ धावांची लाजही खरी होती. चार विजय आणि चार पराभव एकाच माणसाच्या नावावर आहेत. विजयाचे श्रेय आणि पराभवाची जबाबदारी एकाच न्यायाने वाटणे, निर्णयामागील कारण ऐकून घेणे आणि निरोप देताना दोन्ही गोष्टी त्या व्यक्तीसमोरच बोलणे, एवढे केले तरी ही भावना मूल्यमापनापर्यंत पोहोचू शकते. हार आणि दगड या दोहोंपलीकडचे हे तिसरे काम समीक्षेचे आहे. १९७४ मध्ये ते झाले नाही, १९९६ मध्येही झाले नाही. वाडेकरांच्या हयातीत त्यांचे ऋण आणि त्यांच्या चुका एकत्र सांगणारा निरोप त्यांना मिळायला हवा होता, ही खंत मात्र उरते.