औंढ्याची वेधशाळा आणि आमचें मतप्रदर्शन

टीकाकारानें कोणत्या लेखनाची दखल घ्यावी, याविषयीं आमच्याकडे एक रूढ समजूत आहे. काव्य, कादंबरी, नाटक, फार तर चरित्र आणि निबंध, एवढेंच काय तें त्याचें क्षेत्र; वृत्तपत्रांतील प्रासंगिक मतें दुसऱ्या दिवशीं रद्दींत जावयाचीं, तेव्हां त्यांचें मोल करण्यांत काय अर्थ, असें पुष्कळांस वाटतें. पण सुशिक्षित कुटुंबांत आज सर्वांत अधिक वाचलें जाणारें गद्य कोणतें, हें पाहिलें तर तें याच प्रकारचें आढळेल. एखादा शास्त्रीय शोध जाहीर झाला, एखादें यान चंद्रावर उतरलें, एखाद्या प्रकल्पास सरकारनें मान्यता दिली, कीं चोवीस तासांच्या आंत त्यावर मतांचा वर्षाव होतो, आणि त्या विषयाबद्दल घरांतील थोरांपासून लहानांपर्यंत सर्वांची समजूत त्या वर्षावांतच भिजून तयार होते. जें गद्य इतक्या लोकांची बुद्धि घडवितें, तें वाङ्मय नसेल, पण टीकेचा विषय खास आहे.

या दृष्टीनें पाहण्याजोगें एक उदाहरण मराठवाड्यांतच आहे. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत, दुधाळा गांवाच्या परिसरांत, गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी ‘लायगो’ वेधशाळा व्हावयाची आहे. तिच्याविषयीं गेल्या दहा वर्षांत जें लिहिलें व बोललें गेलें, तें एकत्र ठेवून पाहिलें तर त्यांत तीन ठळक प्रकार दिसतात: गौरवाचा, तक्रारीचा आणि भयाचा. या तिहींचें परीक्षण करण्यापूर्वीं मूळ वस्तु काय आहे तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण या लेखनांत नेमकी तीच बहुधा सांपडत नाहीं.

प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोंवतीं वेगानें फिरूं लागले, कीं प्रत्यक्ष अवकाशांतच लहरी उठतात, असें आइनस्टाईनच्या १९१६ सालच्या गणितांतून निघालें. त्या पकडण्यासाठीं अमेरिकेंत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथें दोन वेधशाळा उभारल्या गेल्या. प्रत्येकींत काटकोनांत बसविलेल्या, हवा काढून घेतलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आहेत. लेसरचा एकच किरण दुभंगून दोहोंत सोडतात आणि टोंकाच्या आरशांवरून परत आणून पुन्हां एकत्र करतात. लहर येऊन गेली, तर एक बाहु दुसऱ्याच्या मानानें किंचित् लांब किंवा आंखूड होतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनहि कमी असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी लहर प्रथम सांपडली. सूर्याच्या सुमारें ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें एकांत एक विलीन झालीं, त्याची ती खूण होती. लहर लिव्हिंग्स्टनला आधीं आणि सुमारें सात मिलीसेकंदांनीं हॅनफर्डला पोंचली. आवाज कोणीकडून आला हें आपणांस दोन कानांमुळें कळतें, तसेंच हें आहे. मात्र आकाशांतील दिशा नीट ठरविण्यास दोन कान पुरत नाहींत. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, तेव्हां इटलींतील व्हर्गो ही तिसरी वेधशाळाहि चालू होती, म्हणूनच दुर्बिणींना नेमकी जागा शोधतां आली. या सर्वांपासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास एक कान असावा, हें औंढ्याच्या वेधशाळेचें प्रयोजन होय.

आतां गौरवाचा प्रकार घेऊं. पहिल्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं झाली आणि अवघ्या सहा दिवसांनीं, १७ फेब्रुवारीस, केंद्रीय मंत्रिमंडळानें भारतांतील वेधशाळेस तत्त्वतः मान्यता दिली. जागतिक शोध आणि सरकारी निर्णय असे पाठोपाठ आल्यामुळें विशेषणांना भरती आली. औंढ्यास नागनाथाचें ज्योतिर्लिंग आहे, जवळच नरसी हें नामदेवांचें गांव आहे; तेव्हां देवालय आणि वेधशाळा यांची सांगड घालून चार वाक्यें सजविण्याचा मोहहि अनेकांस आवरला नाहीं. आम्हांस भाविकांच्या श्रद्धेशीं येथें कर्तव्य नाहीं. आमचा आक्षेप वाङ्मयीन आहे. नामदेवांसाठीं देऊळ फिरल्याची कथा भक्तीच्या संदर्भांत अर्थपूर्ण आहे; आरशांच्या आणि किरणांच्या शेजारीं नेऊन ठेवली म्हणजे ती भक्तीचें सांगत नाहीं, शास्त्राचेंहि सांगत नाहीं, केवळ लेखाची जागा भरते.

या गौरवाचा खरा दोष असा कीं अभिमान कशाचा बाळगावा, हेंच त्याला ठाऊक नसतें. दोन कृष्णविवरें एक झाल्यावर जो नवा गोळा बनतो, तो ठोकलेल्या घंटेप्रमाणें निनादत शांत होतो, हें १९७० सालीं सी. व्ही. विश्वेश्वरा यांनीं दाखविलें. यंत्राच्या अखंड गोंगाटांतून क्षीण लहर निवडून काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं तीं तंत्रें प्रचारांत येण्याच्या कितीतरी आधीं काम केलें. बंगलोरला बाला अय्यर यांनीं अशा लहरींचें रूप कसें असेल याचें गणित परदेशी सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षें सोडविलें. हा वारसा खरा, तपासतां येण्याजोगा आणि आपला आहे. पण ज्या लेखांत ‘विश्वगुरु’ हा शब्द येतो, त्यांत हीं नांवें शोधावीं लागतात.

दुसरा प्रकार तक्रारीचा. ६ एप्रिल २०२३ रोजीं मंत्रिमंडळानें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास पूर्ण मान्यता दिली, आणि लगेच प्रश्न आला: ज्या जिल्ह्यांत सोयाबीन आणि हळदीच्या भावावर घराचें सुखदुःख अवलंबून आहे, तेथें आकाशांतील लहरींसाठीं इतका पैसा कशाला? हा प्रश्न उपहासानें बाजूस सारण्याचा नाहीं. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यानें सुबत्ता फारशी पाहिलेली नाहीं, आणि ज्याच्या दारांत प्रकल्प येतो त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. पण हिशेब म्हटला कीं तो पुरा मांडला पाहिजे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें हिंगोली जिल्ह्याची वस्ती सुमारें पावणेबारा लाख होती. त्या संख्येनें भागलें, तर हा खर्च दर माणशीं सुमारें २२,००० रुपये होतो आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडतो. तोच खर्च त्या वेळच्या १२१ कोटी भारतीयांत वांटला, तर दर माणशीं साडेएकवीस रुपये होतो आणि प्रश्नच हास्यास्पद वाटूं लागतो. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. आंकडा स्वतः कोणाची बाजू घेत नाहीं. भाजक निवडणारा घेतो. वृत्तपत्रीय वादांत एक पक्ष पहिला भागाकार करतो, दुसरा पक्ष दुसरा करतो, आणि भाजक कोणता असावा हा खरा वाद कोणीच करीत नाहीं.

शिवाय या तक्रारीची वेळहि पाहण्यासारखी आहे. तत्त्वतः मान्यता आणि पूर्ण मान्यता यांच्यामध्यें सात वर्षें गेलीं. विलंब कां होतो, या प्रकल्पामुळें तालुक्यांतील मुलामुलींसाठीं कोणतें शिक्षण सुरू होणार, कंप टाळण्यासाठीं आसपासच्या रस्त्यांवर व कारखान्यांवर कोणतीं बंधनें येणार, आणि त्यांची भरपाई गांवांना कोणत्या रूपानें मिळणार, हे प्रश्न त्या सात वर्षांत विचारावयाचे होते. त्या काळांत गौरव करणारा आणि तक्रार करणारा, दोघेहि बहुतेक मौनच होते, कारण घोषणा नव्हती. आमचें मत घोषणेच्या पंचांगावर चालतें. राजकारणी पुरुषास याहून सोयीची गोष्ट दुसरी नाहीं. त्यानें दोनदां घोषणा करावी, आपण दोनदां टाळ्या किंवा शिव्या द्याव्या, आणि मधला काळ त्याला आंदण द्यावा.

तिसरा प्रकार भयाचा, आणि त्याविषयीं अधिक सहानुभूतीनें लिहिलें पाहिजे. २१ मार्च २०२४ रोजीं पहाटे हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि १० जुलै रोजीं तितकाच दुसरा. जिल्ह्याच्या कांहीं गांवांतील लोक भूगर्भांतून येणाऱ्या गूढ आवाजांमुळें त्यापूर्वीं अनेक वर्षें त्रस्त होते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या मराठवाड्यानें सोसली, तेथें घरांतील भांडीं वाजलीं कीं मनुष्य अंगणांत धांवतो, यांत नवल नाहीं. अशा वेळीं ‘शांत भूमि म्हणून निवडलेली जागा हालली, म्हणजे निवडच फसली’ असा तर्क सहज निघाला. तो चुकीचा आहे, पण चूक समजावून सांगण्यासारखी आहे. वेधशाळेचा नित्याचा शत्रु म्हणजे रात्रंदिवस चालणारी बारीक थरथर: वाहनांची, रेल्वेची, वाऱ्याची, दूरच्या समुद्राच्या लाटांची. ही थरथर जेथें कमी, तेथें यंत्रास ऐकूं येतें. क्वचित् येणारा धक्का, मग तो हजारों कोसांवरचा कां असेना, यंत्राचें काम कांहीं वेळ थांबवितो आणि मग तें पुन्हां चालू होतें. यंत्राची शांतता आणि माणसाची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीच्या भिंतीखालीं झोंपणाऱ्यास पहिलीचा कांहीं उपयोग नाहीं. त्याला दुसरी हवी, आणि ती मागण्यासाठीं वेधशाळेचें निमित्त लागूं नये.

या तिन्ही प्रकारांशीं खुद्द शास्त्रज्ञांची रीत ताडून पहावी. १९६९ सालीं जोसेफ वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञानें अॅल्युमिनियमच्या दंडगोलांच्या साहाय्यानें गुरुत्वीय तरंग सांपडल्याचें जाहीर केलें आणि जगांत मोठी खळबळ उडाली; पण इतरांना तसें कांहीं आढळेना, आणि तो दावा टिकला नाहीं. ती आठवण पुढच्या पिढीनें जपली. २००२ ते २०१० या काळांत लायगोस एकहि लहर मिळाली नाहीं. सप्टेंबर २०१० मध्यें एक ठळक खूण उमटली. शेंकडों शास्त्रज्ञांनीं महिनोन्महिने ती तपासली, निबंधहि लिहून तयार केला. मार्च २०११ मध्यें बंद लिफाफा उघडला, तेव्हां कळलें कीं ती खूण आपल्यांतीलच मोजक्या माणसांनीं ठरवून, गुपचूप घातलेली होती. सर्वांची परीक्षा पाहण्यासाठीं. कोणीं कोणावर रागावलें नाहीं; अगोदरच तसें ठरलें होतें. आणि २०१५ सालीं खरी लहर आली, तेव्हां जगास सांगण्यापूर्वीं त्यांनीं पांच महिने तपासण्यांत घालविले. चोवीस तासांत मत देणाऱ्या आम्हां लोकांस या पांच महिन्यांचा अर्थ कळला, तर त्या वेधशाळेचा निम्मा लाभ पदरांत पडला असें म्हणतां येईल.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाची सावधगिरी प्रासंगिक लेखकास परवडत नाहीं. त्यानें मत द्यावयाचेंच नाहीं काय? अवश्य द्यावें, आणि ठासून द्यावें. मराठींत याचा आदर्शहि आहे. ‘आयुका’चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, जे २० मे २०२५ रोजीं दिवंगत झाले, ते मतांच्या बाबतींत मुळींच भिडस्त नव्हते. महास्फोटाचा बहुमान्य सिद्धांत त्यांनीं अखेरपर्यंत मान्य केला नाहीं. पण विरोध केला तो गणितानें. फलज्योतिषाविषयीं त्यांचें मत प्रतिकूल होतें. पण त्यावर केवळ कोरडे न ओढतां त्यांनीं सहकाऱ्यांसह ज्योतिषांना पत्रिका देऊन प्रत्यक्ष चांचणी घेतली, आणि निकाल नाणें उडवून लागणाऱ्या निकालाहून सरस निघाला नाहीं. ज्या लेखकाची आत्मकथा साहित्य अकादमीच्या पुरस्कारास पात्र ठरली आणि ज्याची नाशिकच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं निवड झाली, त्याचें हें मतप्रदर्शन वाङ्मयाच्या बाहेरचें मानण्याचें कारण नाहीं.

म्हणून विज्ञानाच्या वार्तेवरील कोणताहि लेख हातीं आला, कीं वाचकानें त्यास तीन प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. मूळ वस्तु कशी चालते, हें लेखकानें आपल्या शब्दांत सांगितलें आहे काय? त्यानें दिलेल्या आंकड्याचा भाजक कोणता, आणि तोच कां? आणि घोषणा नसतांना या विषयावर त्यानें कधीं लेखणी उचलली होती काय? तिन्हींचें उत्तर नकारार्थी आलें, तर लेख कितीहि आवेशाचा असो, तो बातमीचा प्रतिध्वनि समजावा.

वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचा संकल्प मान्यतेच्या वेळीं जाहीर झाला आहे. ती पूर्ण झाली, तरी पुढें कित्येक महिने तिच्याकडून कांहींच बातमी येणार नाहीं. यंत्र जुळवणें, गोंगाट ओळखणें, तो एक-एक करून दूर करणें, हेंच तिचें काम असेल. त्या दिवसांत औंढ्याच्या एखाद्या शाळेंतील मुलीनें ‘आज तेथें काय चाललें आहे?’ असें विचारलें, तर तिला शुद्ध मराठींत, विशेषणावांचून, अचूक उत्तर मिळेल असें एखादें तरी पान आमच्या नियतकालिकांत असावें. तें लिहिण्यास आजपासूनच आरंभ करावयास हरकत नाहीं.