भाड्याचा पट

आजचा विषय तसा लहान वाटेल. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांसाठी पैसे भरून डिजिटल साधने घ्यावीत का? ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे चार-पाच जण तिच्यातली पात्रे होतात, आणि काय जमले, काय फसले ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. त्याला लागायचे काय, तर कागद, पेन्सिल, फासे आणि एक रिकामी दुपार.

यातली रिकामी दुपार हीच आपल्याकडे सगळ्यात महाग आहे. ठाण्यात दोघे, डोंबिवलीत दोघे, कल्याणला एक, असा आमच्यासारखा गट घ्या. ठाणे ते कल्याण रेल्वेने जेमतेम २० किलोमीटर. पण सगळ्यांना सुट्टी रविवारची, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारचाच. बरं, पोहोचलात तरी बसायचं कुठे? वन बीएचकेच्या हॉलमध्ये आजींची मालिका चालू असते, आणि तिथे पाच मोठ्या माणसांनी चार तास 'मी ड्रॅगनच्या पाठीवर उडी मारतो' म्हणून ओरडायचं. म्हणून आम्ही प्रश्न जरा फिरवून विचारतो. हे साधन तुम्ही टेबलाच्या ऐवजी घेताय, की टेबल असताना घेताय?

आधी टेबलाच्या ऐवजी. इथे आमचा विरोध नाही, उलट कौतुक आहे. गटातला एक जण नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला की पूर्वी गोष्ट तिथेच संपायची. आता डिस्कॉर्डवर आवाज आणि समोर सामायिक नकाशा, एवढ्यावर ती चालू राहते. पण हे फुकटात होतं हो! रोल-ट्वेंटी २०१२ पासून आहे आणि त्याचा मोफत भाग साध्या खेळाला पुरतो. आउलबेअर रोडिओ ब्राउझरमध्ये उघडतो, नकाशा टाकायचा, सोंगट्या ठेवायच्या, झालं. पैसे लागतात ते दिमाखाला: तुमच्या पात्राच्या हातात मशाल असेल तर तेवढाच कोपरा उजळेल, भिंतीपलीकडचे दिसणार नाही, अशा सोयीला.

ही सोय हवीच असेल तर २०२० साली आलेला फाउंड्री पाहा. एकदाच ५० डॉलर, म्हणजे कराशिवाय चार-साडेचार हजार रुपये, आणि तेही फक्त खेळ चालवणाऱ्याने भरायचे. बाकीच्यांना काही नाही. एकदा घेतले की तुमचे. मात्र जाहिरातीत न दिसणारी एक गोष्ट आपल्या भागात आडवी येते. फाउंड्री तुमच्या संगणकावर चालतो आणि बाकीचे बाहेरून तुमच्या घरात येतात, म्हणजे इंटरनेटवरून. आपल्याकडच्या कित्येक जोडण्यांत मात्र अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला असतो. सोसायटीला एकच टपालपेटी असावी तसं. मग बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. यातून वाटा आहेत, पण त्यासाठी एक तर तांत्रिक खटपट करायची, नाहीतर दरमहा भाडे भरून दुसऱ्याच्या यंत्रावर तो ठेवायचा. एकदाच म्हणून घेतलेली वस्तू अशी हळूच भाड्याची होते. शिवाय फोनच्या पडद्यासाठी तो बनवलेला नाही. गटात एखादा कॉलेजचा मुलगा असेल आणि त्याच्याकडे फक्त फोन असेल, तर तुम्ही साडेचार हजार भरून त्याला बाहेर काढलंत. आमच्या मते हा खर्च आधी मोजायला हवा.

आता दुसरा प्रकार, टेबल असतानाचा. इथे नाव घ्यायचे ते डी अँड डी बियॉन्डचे. २०१७ साली सुरू झाले, २०२२ मध्ये हॅस्ब्रोने १४ कोटी डॉलरहून जास्त मोजून विकत घेतले. पात्राचे पत्रक भरून देते, बेरजा करते, नियम शोधून देते. वरच्या दर्जाची वर्गणी महिन्याला साधारण ६ डॉलर, आणि पुस्तके वेगळी, मुख्य पुस्तक सुमारे ३० डॉलरला. त्यात कार्डावरचे परकी चलनाचे शुल्क. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना जादा पडताळणी लावली. ग्राहक म्हणून आपल्या भल्याचाच नियम, पण त्यामुळे परदेशी वर्गण्या कितीदा मध्येच बंद पडतात, हे भरणाऱ्यांना विचारा.

न्याय म्हणून हेही सांगतो: त्या वर्गणीत एकाने घेतलेली पुस्तके सगळ्या गटाला वाचता येतात. हे आपल्याला कळणारे तत्त्व आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वर्गणी भरून सामायिक वाचणे इथे दीडशे वर्षांपासून चालू आहे. पण वाचनालयातून आणलेल्या कादंबरीचा शेवट रात्रीतून बदलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये या संकेतस्थळाने जाहीर केले की नव्या आवृत्तीबरोबर पात्रांच्या पत्रकांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या रूपाने बदलल्या जातील. ज्यांनी जुने पैसे देऊन घेतले होते, जे अर्ध्या गोष्टीत होते, त्यांचेही. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे चांगलेच. पण असा बदल करता येतो हे तेव्हा सगळ्यांना दिसले. छापील पुस्तकाच्या बाबतीत हे कुणी करूच शकत नाही.

आणि टेबलावर ते करते काय? फासा टाकून 'तेरा, अधिक पाच, अठरा!' असं कुणी मोठ्यांदा म्हणतं, तेव्हा बाकीचे श्वास रोखून ऐकत असतात. यंत्राने बेरीज केली की आकडा पडद्यावर येतो आणि पाच माना खाली, पाच फोनांत. पहिल्या तीन-चार पातळ्यांवर आम्हाला हे साधन निव्वळ अडचण वाटते. नवव्या-दहाव्या पातळीचा जादूगार, त्याचे ढीगभर मंत्र, तिथे मात्र ते वेळ वाचवते, हे मान्य.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. आमच्या टेबलावर बोलणे मराठीत होते. राक्षस मराठीत धमक्या देतो, सरायवाला तर चक्क आगरीत बोलतो! पत्रक तेवढे इंग्रजी. वर्षानुवर्षे वर्गणी भरली तरी ते मराठी होणार नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये परवान्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि कंपनीला पाचव्या आवृत्तीचा नियमांचा गाभा, सुमारे ४०० पानांचा, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करावा लागला. मूळ श्रेय दिले की तो कुणीही भाषांतरित करावा, छापावा, विकावासुद्धा. परवानगी मागायची गरज नाही, आणि तो परवाना परतही घेता येत नाही. पाच जणांची वर्षाची वर्गणी एकत्र केली तर मराठी पत्रकाच्या आणि मंत्रांच्या यादीच्या झेरॉक्स कितीतरी गटांना पुरतील. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या गावात हे अवघड नसावे.

एक चिठ्ठी आली आहे. 'मुलगा आठवीत आहे, वर्गणी भरून द्या म्हणतो, काय करू?' ताई, आत्ता भरू नका. मूळ नियम फुकट उतरवता येतात, तेवढे छापून द्या. सात फाशांचा एक संच आणा. त्याचे चार मित्र शनिवारी घरी बोलवा आणि तीन तास हॉल द्या. सहा महिन्यांनी ते अजून खेळत असतील, तर वर्गणीचं बघता येईल.