एका अपूर्ण कलाकृतीचे रसग्रहण

आमच्या घरातले वायरिंग ही एक आधुनिक कलाकृती आहे. म्हणजे ती अपुरी आहे, आणि अर्थ विचारला की कर्ता चिडतो.

कंत्राटदाराचा सारा भर सूचकतेवर. भिंतीत खाच आहे, खाचेत पाइप आहे, पाइपात वायर आहे. दिवा रसिकाने कल्पनेने लावायचा! ऐंशी टक्के पैसे हाती पडताच प्रतिभेला ओहोटी लागली.

"साहेब, आधी पैसे, मग काम."

"अहो मिस्त्री, आधी काम!"

हे नाट्य महिनाभर रंगले. तोवर मी नुसता प्रेक्षक होतो. मग एके सकाळी न्हाणीघरातल्या नळाला हिचा हात लागला, ही किंचाळली, आणि मी समीक्षक झालो.

परवाना असलेल्या दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर आत नुसतीच गुंडाळलेली. जुन्या गीझरची गळती जमिनीत जायची, ती नळात उतरली. 30 मिलिअँपियरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बिलात होता, भिंतीवर नव्हता. थोडक्यात, कलाकृतीत 'अर्थ'च नव्हता!

मग मी परीक्षण लिहिले. काय ठरले, काय राहिले, किती दिले, सोबत फोटो. शेवटी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि एक ओळ: पाच लाखांपर्यंतच्या कामासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. पत्र स्पीड पोस्टाने धाडले.

चौथ्या दिवशी कलावंत दारात.

"साहेब, नुसतं तोंडी सांगायचं होतं की!"

मग महिनाभर मी काय भजन म्हणत होतो?

शेवटचा हप्ता मात्र वायरमनने तपासल्यावरच दिला. टाळ्या पडदा पडल्यावर वाजवाव्यात.